'लातूर' टाइप करा, बिघाड कुठं आहे ते कळेल

तहसीलसमोरचं डीटीपीचं दुकान असो, सेतू केंद्र असो की ग्रामपंचायतीचं टेबल, एकाच कॉम्प्युटरवर दिवसभरात तीन-चार जणांचे हात फिरतात. एकजण कृतिदेवमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठी आकार देणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये, अर्ज उतरवतो, दुसरा पोर्टलवर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, नावं भरतो, तिसरा उर्दू लग्नपत्रिका लावतो. मग कधीतरी अक्षरं फिरतात. दाबावं एक, उमटावं भलतंच. अशा वेळी सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे 'विंडोज मारून टाका', म्हणजे सगळं विंडोज नव्यानं टाका. मारू नका. शंभरातल्या बहुतेक वेळा दोन बटणांचं काम असतं.

आणखी एक गोष्ट करू नका: उमटलेला कचरा घाईनं पुसू नका. बिघाड नेमका कुठल्या थरात आहे हे तोच सांगतो. थर तीन. बोटांनी दाबलेलं बटण कुठलं अक्षर म्हणून घेतलं गेलं, हा लेआउटचा थर. घेतलेलं अक्षर पडद्यावर कुठल्या आकारात दिसलं, हा फॉन्टचा. आणि साठवलेली फाइल दुसऱ्या प्रोग्रामनं कशी वाचली, हा तिसरा. फॉन्ट बदलून लेआउटचा घोळ सुटत नाही आणि लेआउट बदलून फाइलचा सुटत नाही. बहुतेकांचा अर्धा दिवस नेमका यातच जातो.

तपासणीसाठी वर्ड उघडू नका, नोटपॅड उघडा. वर्ड स्वतःचं डोकं चालवतं, नोटपॅड त्या मानानं फार कमी. नोटपॅडचाच फॉन्ट कुणी कृतिदेव करून ठेवलेला नाही ना, तेवढं बघा. आता नेहमीच्या सवयीनं 'लातूर' टाइप करा.

इंग्रजी एन-ई-एल-टी-जे उमटलं, तर तुमची बोटं इनस्क्रिप्टची, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या मराठी लेआउटची, आहेत आणि कॉम्प्युटर इंग्रजीवर आहे. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबा, यादीतलं मराठी निवडा, संपलं.

वाय-के-आर-डब्ल्यू-जे उमटलं, तर बोटं रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या मराठी टाइपरायटरच्या मांडणीची. कृतिदेवमध्ये हीच पाच अक्षरं 'लातूर' दिसतात. म्हणजे बिघाड नाहीच, फक्त फॉन्ट लागलेला नाही.

'तो◌ूही' असं ठिपक्यांच्या गोलासकट आलं, तर तुम्ही इंग्रजी स्पेलिंग टाइप करताय आणि इनस्क्रिप्ट चालू आहे. एकतर इंग्रजीवर या, नाहीतर इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारं मराठी फोनेटिक निवडा.

'बकी◌ैर' आलं तर रेमिंग्टनची बोटं इनस्क्रिप्टवर पडली आहेत. टायपिंगच्या संस्थेतून रेमिंग्टन शिकून आलेली मुलं पोर्टलच्या कामाला बसली की हे हमखास दिसतं.

'ळआथऊऱ' आलं तर शिफ्ट अडकलं आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टवर महाप्राण आणि पूर्ण स्वर असतात. म्हणून क ऐवजी ख, त ऐवजी थ, काना ऐवजी आ. एवढी सरळ खूण दुसऱ्या कुठल्या बिघाडाला नाही. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं गेलं की स्टिकी कीज (शिफ्ट सोडलं तरी ते दाबलेलंच धरणारी सोय) चालू करू का असं विंडोज विचारतं, आणि घाईत 'यस' दाबलं जातं. दोन्ही शिफ्ट एकेकदा दाबून सोडा. तरी तसंच राहिलं तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन स्टिकी कीज बंद करा.

वर्डमध्ये कृतिदेव फॉन्ट लावलेला असताना 'दमसजर' दिसलं, तर इनस्क्रिप्टची बोटं आणि रेमिंग्टनचा फॉन्ट. 'संजनत' दिसलं, तर इंग्रजी स्पेलिंग आणि कृतिदेव. लातूरचं संजनत झालेलं पाहून माणूस व्हायरस शोधायला लागतो, पण व्हायरसला एवढं व्याकरण येत नसतं.

लेआउट आपोआप का बदलतो

विंडोजमध्ये भाषा बदलायचा एक जुना रस्ता अजून जिवंत आहे: डावं ऑल्ट आणि शिफ्ट. ही दोन बटणं एकत्र दाबून नुसती सोडली की भाषा बदलते. एकाच भाषेखाली दोन लेआउट असतील, समजा मराठीखाली इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, तर कंट्रोल आणि शिफ्टनं ते आपसात बदलू शकतात. एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-बाण वापरून ओळी निवडणाऱ्याचं बोट बाणापर्यंत पोचायच्या आत सुटलं, की लेआउट गेला. दिवसभर एक्सेलवर बसणाऱ्यांचा 'कीबोर्ड मधेच फिरतो' तो असा.

हे बंद करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. विंडोज १० मध्ये हीच पाटी डिव्हायसेस, टायपिंगच्या खाली सापडते. तिथं 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' उघडा, वरची ओळ निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबा आणि दोन्ही बाजूंना 'नॉट असाइन्ड' करा. विंडोज-स्पेस चालूच राहतं, आणि ते चुकून सहसा दाबलं जात नाही.

त्याच पानावर प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा एक चौकोन आहे. टॅलीत इंग्रजी आणि वर्डमध्ये मराठी अशी कामं एकावेळी चालत असतील तर तो टिक करा. पण मशीनवर हात अनेक असतील तर करू नका. खिडकी बदलली की भाषा बदलते हे माहीत नसलेला माणूस तुम्हालाच हाक मारणार.

यादीतले जास्तीचे लेआउट काढून टाका. इंग्रजीचा एक, मराठीचा एक, लागत असेल तर उर्दूचा एक, बास. हिंदी ट्रॅडिशनल, देवनागरी इनस्क्रिप्ट आणि मराठी असे तिन्ही ठेवण्यात काही हशील नाही. अक्षरं जवळपास त्याच जागी, फरक अंकांत आणि चार चिन्हांत, आणि तोच फरक नेमका पोर्टलवर नडतो. मोबाइल नंबरच्या रकान्यात देवनागरी अंक गेला की बरेच फॉर्म तो घेत नाहीत आणि चूक कसली तेही सांगत नाहीत. कधी यादीत आपण न टाकलेला लेआउट दिसतो आणि काढायचं बटणच मिळत नाही. तेव्हा तोच लेआउट रीतसर ॲड करा आणि मग काढा. बहुतेक वेळा जातो.

वर्ड काय करतं

नोटपॅडमध्ये सगळं ठीक आणि वर्डमध्येच अक्षरं फिरतात, अशी तक्रार असेल तर दोन जागा बघा.

पहिली: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड. तिथं आजूबाजूच्या मजकुराच्या भाषेप्रमाणे कीबोर्ड आपोआप बदलायचा एक पर्याय आहे. तो चालू असला की मराठी परिच्छेदात क्लिक केलं की मराठी लागते, इंग्रजीत केलं की इंग्रजी. ज्यांना माहीत आहे त्यांना सोयीचं, बाकीच्यांना भुताटकी. टिक काढा.

दुसरी जागा फक्त कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टवाल्यांसाठी, आणि ती फार कमी जणांना ठाऊक आहे. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करण्याची तिथली टिक काढा. वर्डच्या दृष्टीनं तुमचा मजकूर इंग्रजीच असतो. ओळ 'लातूर'नं सुरू झाली की ते छोटा वाय मोठा करतं. कृतिदेवमध्ये छोटा वाय म्हणजे ल, मोठा वाय म्हणजे अर्धा ल. अर्ध्या ल ला पुढचा काना चिकटतो, पूर्ण ल तयार होतो आणि काना खर्ची पडतो. लातूरचं 'लतूर' झालं. 'माझा'चं 'मझा' होतं तेही असंच. मुद्रितशोधक टायपिस्टला बोलतो, टायपिस्ट शपथेवर सांगतो की काना दिला होता, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तिथंच 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप'मध्ये सरळ अवतरणाचं वळणदार अवतरण करायची टिक असते, तीही काढा. कृतिदेवमध्ये एकेरी अवतरणाच्या बटणावर अर्धा श आहे. वर्डनं ते चिन्ह बदललं की प्रत्येक श तुटतो.

युनिकोडमध्ये टाइप करणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. देवनागरीला कॅपिटल नसतं.

दोन सॉफ्टवेअर, एक बटण

सी-डॅकचं आयएसएम, श्रीलिपी, आकृती यांसारखी सॉफ्टवेअर बटण दाबल्याबरोबर मधेच पकडतात आणि त्याचं मराठी करतात. त्याच वेळी विंडोजलाही मराठीवर ठेवलं तर एकच बटण दोनदा फिरतं आणि जे उमटतं त्याला काही नियम राहत नाही. नियम एकच: असं सॉफ्टवेअर चालू असताना विंडोज इंग्रजीवर. वरच्या कुठल्याच नमुन्यात न बसणारा कचरा दिसला की घड्याळाशेजारच्या छोट्या बाणावर दाबून आणि लपलेली चिन्हं उघडून असं काही बसलेलं आहे का ते आधी बघा. गुगलनं विंडोजसाठीचं डाउनलोड करायचं इनपुट टूल देणं कधीच बंद केलं, पण त्याच्या प्रती पेनड्राइव्हवरून अजून फिरतात. ती काढून टाका. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून मराठी फोनेटिक विंडोजमध्येच येतं.

बोटं रेमिंग्टनची, लेआउट युनिकोडचा

विंडोजच्या स्वतःच्या यादीत मराठी रेमिंग्टन मिळत नाही. आयएसएममध्ये युनिकोड आणि रेमिंग्टन अशी जोडी लावता येते, आणि मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगानं टाइप करणाऱ्याला इनस्क्रिप्ट शिकायला लावण्यापेक्षा तीच सोय बरी. नवीन शिकणाऱ्याला मात्र थेट इनस्क्रिप्टवर बसवा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. अर्धं अक्षर करायचं तर पाय मोडायला डी.

इनस्क्रिप्टवर आलेल्या जुन्या टायपिस्टच्या तीन चुका ठरलेल्या.

ऱ्हस्व वेलांटी आधी देण्याची सवय. टाइपरायटरवर वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी दाबायची. युनिकोडमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी, दिसो कुठंही. उलट केलं की वेलांटी मागच्या अक्षराला जाऊन बसते आणि 'जिल्हा परिषद'ची 'जिल्हा पिरषद' होते. मागं व्यंजन नसेल तर ठिपक्यांचा गोल येतो. तो गोल म्हणजे फॉन्ट खराब नव्हे. मात्रेला बसायला अक्षर सापडलं नाही, एवढंच तो सांगतो.

रफार. रेमिंग्टनवर अक्षर आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये र, पाय मोडायचा, मग पुढचं अक्षर. नाहीतर 'कर्ज'चं 'कजर्' होतं. पीककर्जाच्या यादीत हे शंभर वेळा झालं की शोधून बदलणंही अवघड, कारण डोळ्याला दोन्ही सारखेच वाटायला लागतात.

तिसरी चूक मराठीचीच खास: शेतकऱ्यांना. साधा र घेऊन पाय मोडला आणि य दिला तर 'शेतकर्यांना' होतं, रफार डोक्यावर चढतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून ऱ घ्या, मग डी, मग स्लॅशच्या बटणावरचा य. आपल्याकडच्या अर्जांत या एका शब्दाइतका दुसरा कुठला येत नसेल, तेवढा तरी हातात बसवून टाका.

ॲ ची भानगडही इथंच सांगून टाकू. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीची सवय असलेले अ ला वर चंद्र देतात. दिसायला एक, पण कॉम्प्युटरला दोन वेगळ्या गोष्टी. यादीत 'ॲड.' शोधलं आणि अर्धे वकील सापडलेच नाहीत, तर कारण हे.

मजकूर आलाय, पण वाचता येत नाही

व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये कुणी मजकूर पाठवला आणि त्यात सी-एच-एम किंवा यू-के-ए-एन-एस-एम असले शब्द दिसले, तर ते कृतिदेवमधलं बीड आणि नांदेड आहे. वर्डमध्ये चिकटवा, फॉन्ट लावा, वाचा. पोर्टलवर टाकायचं असेल तर कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या. मात्र आधी मजकुरातले खरे इंग्रजी शब्द, ईमेलचे पत्ते आणि वेबसाइटची नावं बाजूला काढा, कन्व्हर्टर त्यांचंही मराठी करतो. नंतर वेलांटी, रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं नजरेखालून घाला. आडनावं तर एकेक करून. सातबाऱ्यावरच्या नावात एक मात्रा इकडची तिकडं झाली की त्या माणसाला पुढं किती हेलपाटे पडतात हे वेगळं सांगायला नको. आणि श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घालू नका. प्रत्येक जुन्या फॉन्टकुळाची अक्षरांची मांडणी वेगळी आहे.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला छोटा इंग्रजी ए आणि शेजारी चलनाचं गोल चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मजकूर युनिकोडच आहे, वाचणारा प्रोग्राम चुकतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. 'लातूर'मध्ये ल, काना, त, दीर्घ उकार, र असे पाच घटक, म्हणजे १५ बाइट, आणि प्रोग्राम त्यांना १५ सुटी इंग्रजी चिन्हं समजतो. पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही यादी एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की हे होतं. तशी उघडू नका. एक्सेल आधी रिकामं उघडा, डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा आणि लोड करा. परत साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा.

कारण साध्या सीएसव्हीत साठवलं तर तिसरा प्रकार होतो: नुसती प्रश्नचिन्हं. हा सगळ्यात वाईट. आधीच्या दोन्ही प्रकारांत माहिती शाबूत असते, इथं ती गेलेली असते. फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली गेली आहेत आणि कुठलाही फॉन्ट, कुठलाही कन्व्हर्टर ती परत आणत नाही. मूळ यादी पुन्हा उतरवा. चौकोनी डबे दिसत असतील तर मात्र घाबरायचं कारण नाही, त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही एवढंच.

सगळ्या जुन्या प्रोग्रामांची अक्षरं एकाच दिवशी बिघडली असतील, तर कुणीतरी कंट्रोल पॅनलमधल्या रीजनच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये जाऊन 'बीटा: यूटीएफ-८' अशी टिक केलेली असण्याची शक्यता मोठी. काढा, मशीन रीस्टार्ट करा.

उर्दू आणि शेजारच्या लिप्या

संभाजीनगर, बीड, परभणी, नांदेडकडच्या बऱ्याच मशीनवर उर्दू असतेच. उर्दू बसवली की उजवं कंट्रोल आणि उजवं शिफ्ट मिळून परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करतात. मराठी मजकुरात हे चुकून झालं तर अक्षरं शाबूत राहतात, पण ओळ उजवीकडे सरकते, पूर्णविराम डाव्या टोकाला जातो आणि कंस उलटे दिसतात. डावं कंट्रोल आणि डावं शिफ्ट दाबा, दिशा परत येते. स्पेस देत देत ओळ डावीकडे ओढत बसणारे लोक आहेत, त्यांना हे सांगा.

देगलूर-बिलोलीकडं तेलुगू आणि उदगीर-उमरग्याकडं कन्नड बसवलेली असेल तर एक गंमत दिसते. इनस्क्रिप्टची जागा सगळ्या भारतीय लिप्यांत ध्वनीप्रमाणे ठरलेली आहे. क तिथंही के वरच. त्यामुळं मराठी समजून टाइप केलेला शब्द तेलुगूत उमटतो, पण उच्चार तोच राहतो. गोंधळ एवढ्यापुरताच, विंडोज-स्पेस दाबा आणि मराठीवर या.

इंग्रजीच बिघडली असेल तर

लॅपटॉपवर जे-के-एल दाबून १-२-३ आणि यू-आय-ओ दाबून ४-५-६ येत असेल तर नम लॉक लागलंय. एफएन धरून नम लॉक. शिफ्ट-२ वर ॲटच्या जागी अवतरणचिन्ह येत असेल तर इंग्रजीचा यूके लेआउट लागलाय, तो काढून यूएस किंवा इंडिया घ्या. बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षरच उमटत नसेल तर फिल्टर कीज, उजवं शिफ्ट आठ सेकंद धरल्यानं ती लागते. कागद धरताना कोपर शिफ्टवर टेकलं तरी पुरतं.

पासवर्ड बरोबर असून घेत नसेल, तर लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली भाषेचं चिन्ह बघा आणि डोळ्याच्या चिन्हावर दाबून काय उमटतंय ते पाहा. तिथं रोज मराठीच येत असेल तर रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, कॉपी सेटिंग्ज इथं जाऊन इंग्रजी पहिली असलेली मांडणी वेलकम स्क्रीनलाही लावा.

एवढं करूनही ठरावीक चार-पाच बटणंच चुकत असतील तर विंडोज-कंट्रोल-ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. त्यावर चालू लेआउटची अक्षरं दिसतात, त्यामुळं बटणांवर चिकटवलेले स्टिकर खरे की खोटे तेही तपासता येतं. बाजारात मिळणारे बरेच स्टिकर रेमिंग्टनचे असतात आणि लेआउट असतो इनस्क्रिप्ट. माउसनं क्लिक केल्यावर अक्षर बरोबर येतं आणि बोटानं दाबल्यावर चुकतं, म्हणजे दोष कीबोर्डात. यूएसबीचं पोर्ट बदला, दुसरा कीबोर्ड लावून बघा. उन्हाळ्यातली धूळ असेल तर कीबोर्ड उलटा करून झटका, ब्लोअरनं मारा. आत चहा गेला असेल तर आतल्या प्लास्टिकच्या पत्र्यावरची रेघ तुटते आणि तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. साधा कीबोर्ड असेल तर तो उघडत बसू नका, नवा आणा. लॅपटॉप असेल तर लगेच बंद करून चार्जर काढा आणि कोरडा झाल्याशिवाय चालू करू नका.